ऐंशीवरचे वीस

मार्चचं ऊन चढायला लागलं, कडुनिंबाला मोहोर आला आणि शेजारच्या घरातल्या पोरी मोठमोठ्यानं गणितं घोकायला लागल्या, की माझं डोकं तापतं. घरातले म्हणतात, वय झालं, उन्हाचा त्रास होतो. उन्हाचा कुठला, शेकड्याचा होतो. बारामतीच्या या घरात शेंगा सोलत मी टीव्हीवरच्या बातम्या ऐकते. कोणीतरी टाय लावलेला मनुष्य हसत हसत सांगतो, की अमुक गोष्ट वीस टक्क्यांनी उतरली होती, आता वीस टक्क्यांनी चढली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं. मी त्याला म्हणते, अरे बाबा, कशाचे वीस? तो ऐकत नाही. ऐकत नसला तरी मी बोलते. गप्प बसायची सवय माझी सातवीतच मोडली.

पुढं मी पस्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. मुली म्हणायच्या, बाई, शेकडेवारी सोपी असते, सूत्रात आकडे घातले की झालं. मी सूत्र पुसून टाकायची आणि विचारायची, आधी सांग, शेकडा कशाचा? मुली कंटाळायच्या. माझ्या पाठीमागं त्या मला 'कशाचा बाई' म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं. म्हणोत बापड्या. पण हा प्रश्न मी शाळेत शिकले नाही. म्हणजे ऐकला शाळेत, शिकले बांधावर, एका उन्हाळ्यात. नवे पैसे अजून यायचे होते, आणे-पै चालत होते, आणि आमची पिढी पावकी, निमकी, दीडकीचे पाढे घोकत वाढत होती.

आमचं गाव इंदापूरच्या अंगाला. पाट बारामतीकडून यायचा. वाटेत काटेवाडीसारख्या गावांचे ऊस, भाजीपाला भिजवत आमच्या चारीला, म्हणजे पाटाच्या फाट्याला, लागेपर्यंत पाणी निम्मं दमलेलं असायचं. त्यातही आमचं रान चारीच्या पार शेपटाला. दर बाराव्या दिवशी आमची पाळी यायची. सकाळी सहाला पाटकरी चारीचं दार वर उचलायचा आणि दुपारी चारला खाली टाकायचा. दहा तास. गावात घड्याळ एकट्या पाटकऱ्याकडं, बाकी सगळे सावलीवर चालणारे.

पाळीच्या दिवशी रानात आई असायची. दारं धरायची म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. खोऱ्यानं उसाच्या एका सरीचं तोंड उघडायचं, ती भरली की मातीनं बुजवायचं आणि पुढची उघडायची. असं सकाळपासून दुपारपर्यंत, पिंडऱ्यांपर्यंत चिखलात, वाकून. आमच्या उसाला एकशे पंचाहत्तर सऱ्या होत्या आणि आई दहा तासांत त्या सगळ्या पाजायची. शेवटची सरी भरायला आणि पाणी बंद व्हायला एक गाठ पडायची. ओल्या मातीचा तो वास, पाचटावरून सरकणाऱ्या पाण्याची ती सळसळ आणि आईच्या बांगड्या खोऱ्याच्या दांड्यावर वाजायच्या तो आवाज, हे माझ्या कानानाकातून अजून गेलेलं नाही. मी शाळेतून परस्पर भाकरी घेऊन जायची आणि बांधावर बसून पुस्तक उघडायची. सातवीची परीक्षा तोंडावर आली होती. वर्गात आम्ही अकरा जणं, त्यात मुलगी मी एकटी.

त्या वर्षी पाटाला पाणी कमी पडलं आणि थंडीतच हुकूम आला, की सगळ्यांच्या तासांत शेकडा वीस कपात. दहाचे आठ झाले. आमच्या पस्तीस सऱ्या कोरड्या राहायला लागल्या. सगळ्या गावाचं तेच. मग माझे वडील, आबा, पुढं झाले. आबा चारीच्या पंचांतले मुख्य. चार माणसं घेऊन ते बारामतीला गेले आणि पाटबंधाऱ्याच्या साहेबापुढं अर्ज ठेवला, की आमचं शेकडा वीस पाणी गेलं आहे, ते शेकडा वीस आम्हाला वाढवून मिळावं. पाटात पाणी थोडं सुधारलं होतं. साहेबानं अर्ज वाचला आणि मागितलं तेवढं मंजूर केलं. आबा परत आले तेव्हा मारुतीच्या पारावर त्यांना नारळ दिला, फेटा बांधला. तो गुलाबी फेटा घालूनच ते घरी जेवायला बसले होते.

आणि तरी आमच्या सात सऱ्या कोरड्याच राहिल्या.

पस्तीसपैकी अठ्ठावीस भिजल्या, सात राहिल्या. पहिल्या पाळीला आबा रानाकडं फिरकले नाहीत. दुसऱ्या पाळीला त्यांनी रानात जाऊन पाहिलं. पिवळी पडलेली पानं हातात चुरगाळली आणि आईला म्हणाले, "पाणी तर समदं परत आलंय. तुझा हात मंद झालाय."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खोरं धुवायला गेली. मला मात्र ते भाकरीच्या घासात खडा यावा तसं लागलं. तिसऱ्या पाळीला आई तांबडं फुटायच्या आत उठून रानात गेली. पाण्याची वाट बघत चारीवर बसली, दुपारची भाकर उभ्यानं खाल्ली, मला बोलायलासुद्धा तिला सवड नव्हती. इतकं करून सात सऱ्या कोरड्या. त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातांकडं उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय असं तिलाही वाटायला लागलं. आबांचा मला पहिल्यांदा राग आला तो त्या वेळी. वडील होते, चांगले होते, मला शिकवत होते, सगळं खरं. राग आला तो आला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं. एका गावात शंभर जनावरं होती, शेकडा वीस घटली, मग शेकडा वीस वाढली, तर आता किती? मी सगळ्यांत आधी हात वर केला आणि सांगितलं, शंभर. मास्तर जवळ आले आणि माझ्याच पाटीवर खडूनं टकटक केलं. "घटली ती कुणाची वीस? वाढली ती कुणाची वीस?" त्यांनी मला उभं ठेवलं. उभ्या उभ्या मी पाटीवर मांडलं. शंभराचे वीस गेले, उरले ऐंशी. मग ऐंशीचे शेकडा वीस, म्हणजे सोळा. ऐंशी आणि सोळा, शहाण्णव. चार कुठं गेले? कुठंच गेले नाहीत, ते आलेच नव्हते.

मी चुकले त्याची मला लाज नाही. अख्खं गाव चुकलं होतं, आणि ते का, हेही मला कळतं. आमच्याकडं शेजारणीकडून ज्वारी उसनी आणायची तर पायलीनं आणायची आणि त्याच पायलीनं परत घालायची. पायलीला पायली, फिटलं. माप बदलत नाही. शेकडा वीस हीसुद्धा लोकांना पायलीच वाटली. गेली तेवढी आली. पण शेकडा ही अशी पायली आहे, की रास लहान झाली की ती स्वतःही लहान होते. मोठ्या राशीतून मोठ्या पायलीनं नेलं आणि लहान राशीत लहान पायलीनं आणून घातलं. आबांनी आपल्या हातानं अर्ज लिहून हीच लहान पायली मागून आणली होती.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता चारीच्या दारावर गेले. पाटकरी बाभळीखाली तंबाखू मळत बसला होता. मी विचारलं, दादा, आमची पाळी किती वाजता बंद करता? त्यानं कापडात गुंडाळलेली वही काढून दाखवली. आठ तास, त्यावर शेकडा वीस वाढ, नऊ तास छत्तीस मिनिटं. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी बंद. मनुष्य सरळ होता, कागदाप्रमाणं वागत होता. मी म्हटलं, हे तुम्ही गावात सांगितलं का नाही? तो म्हणाला, "मला कुणी इचारलंच न्हाय, बाय."

चोवीस मिनिटं. माझ्या आईचा हात चोवीस मिनिटांनी मंद ठरला होता.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. ते जेवत होते. मी पाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती पायानं नाही, पण हाताच्या मागच्या बाजूनं बाजूला सारली. शाळेतलं गणित शाळेत ठेवावं, असं म्हणाले. वीस गेलं, वीस आलं, ह्यात पोरीबाळींनी शिकवायचं काय आहे, असंही म्हणाले. मी म्हटलं, पुरते दहा तास हवे असतील तर शेकडा पंचवीस मागायला हवं होतं. तेव्हा मात्र ते हसले. वीस गेलं म्हणून पंचवीस मागायचं म्हणजे चोरी झाली, साहेब चपलेनं मारील. आणि मग हसू थांबवून त्यांनी बजावलं, की रविवारी पारावर कागदावर सह्या व्हायच्या आहेत, तोवर हा विषय घरात नको.

तो कागद मी पाहिला होता. 'मागणीप्रमाणे पाणी मिळाले, आता तक्रार नाही.' रविवारी त्यावर सह्या-अंगठे करायचे, पाटकरी तो बारामतीला पोचवणार आणि उन्हाळाभर तेच तास कायम राहणार. उन्हाळाभर सात सऱ्या जळणार आणि उन्हाळाभर, कोण जाणे किती वर्षं, आईचा हात मंद राहणार.

आता लोक मला विचारतात, एवढ्याशा पोरीला पारावर जायचं धाडस कसं झालं? धाडसबिडस काही नव्हतं. संताप होता. बाईमाणूस पाराची पायरी चढत नसे, हे मला ठाऊक होतं. मी चढले. फेटे, टोप्या, विड्यांचा धूर, आणि मधोमध आबा कागद मांडीवर घेऊन बसलेले. मी म्हटलं, आबा, सही करू नका, पाणी कमी आहे. आबांचा चेहरा त्या गुलाबी फेट्यापेक्षा लाल झाला. मी पाटी वर धरली आणि सगळं सांगितलं. शंभर, ऐंशी, सोळा, शहाण्णव. कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी म्हणालं, पोरीला परीक्षेचा भार झालाय. मी मास्तरांकडं पाहिलं. ते कडेला उभे होते. त्यांनी एक शब्द बोलायचा होता, की मुलगी बरोबर सांगते आहे. ते सरकारी नोकर होते आणि आबा शाळा समितीवर होते. मास्तरांनी मान खाली घातली. गणित मला त्यांनीच शिकवलं आणि मान त्यांनीच खाली घातली. दोन्ही मी विसरलेली नाही.

उपयोगी पडले ते देवळाचे गुरव, तात्या. सत्तरी उलटलेले, अक्षरशत्रू. गावातल्या लग्नांचं घटिकापात्र त्यांच्याकडं असायचं. ही बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. एकदा बुडाली की एक घटका झाली. तात्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, पाणी किती कमी हाय म्हणालीस? मी म्हटलं, चोवीस मिनिटं. ते म्हणाले, "म्हंजी एक घटका की."

मला तर ते सुचलंच नव्हतं. मी पाटी पुसली आणि घटकांत मांडलं. दहा तास म्हणजे पंचवीस घटका. त्यातला पाचवा हिस्सा कापला, पाच घटका गेल्या, वीस राहिल्या. मग विसाचा पाचवा हिस्सा वाढला, चार घटका आल्या. पाच गेल्या, चार आल्या. आता मात्र पारावर कुजबूज सुरू झाली. पाचातून चार वजा करायला कुणाला शाळा लागत नव्हती. आबा तरीही म्हणाले, की एका घटकेनं काय बिघडतंय. तात्यांनी तंबाखू थुंकून सांगितलं, परवा तुझीच पाळी हाय, रानात वाटी लावून बघू काय बिघडतंय ते. कागद सहीशिवाय राहिला. तेवढंच मला हवं होतं.

पाळीच्या दिवशी आमच्या बांधावर निम्मं गाव जमलं. ऊन मी म्हणत होतं. तात्यांनी घंगाळात पाणी घेतलं, वाटी सोडली आणि आईला म्हणाले, वैनी, तुमी तुमच्या रोजच्या हातानं चालू द्या. आईला एवढ्या माणसांसमोर दारं धरायची सवय नव्हती. तिनं पदर दातात धरला आणि वाकली. एक सरी. दुसरी. वाटीच्या बुडातून पाणी वर येत होतं, सरीतून पाणी पुढं सरकत होतं, आणि माणसं एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. तिसरी, चौथी, पाचवी. मी मोठ्यानं मोजत होते. सहावी बुजली. सातवीचं तोंड बुजवून आईनं खोरं उचललं आणि वाटी बुडाली.

एका घटकेला सात सऱ्या. आणि टोकाला कोरड्या सऱ्या किती, ते सगळ्यांना तिथूनच दिसत होतं. कुणीतरी उगाच मोजूनही आलं. सात. पारावर ज्यांनी मला वेडी ठरवलं होतं, त्यांतला एकजण आपल्या रानाकडं बघत म्हणाला, मी बी कारभारणीला बोललो रं. मग दुसऱ्यानं कबूल केलं, तोही बोलला होता. त्या चारीवरच्या घराघरांत त्या महिन्यात बायकांचे हात मंद झाले होते. एकीनंही तोंड उघडलं नव्हतं, कारण कागदावर पाणी पुरतं होतं.

नवा अर्ज आबांनीच लिहिला. कपातीनंतर उरलेल्या आठ तासांवर शेकडा पंचवीस वाढ मिळावी, म्हणजे मूळचे दहा होतील. पंचवीस हा आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला. वीसच्या जागी पंचवीस मागायची त्यांना खरोखर लाज वाटत होती. मी म्हटलं, लिहा. खाली हिशोब मी माझ्या हातानं मांडला. तो कागद बारामतीला गेला. मी इंदापूरला परीक्षेला गेले, तिथं धर्मशाळेत चार दिवस राहिले, पेपर लिहिले आणि परत आले, तेव्हा मंजुरी येऊन पडली होती. साहेबानं म्हणे हिशोबावर बोट ठेवून विचारलं होतं, हे कुणी काढलं? आबांनी 'आमच्या गावच्या शाळेनं' असं सांगितलं. हे मला पाटकऱ्यानं सांगितलं. पुन्हा राग आला.

पुढच्या पाळीला चार वाजेपर्यंत पाणी चाललं. शेवटच्या सात सऱ्यांत पाणी शिरलं तेव्हा तडकलेल्या मातीतून बुडबुडे यायला लागले आणि वाफ निघाल्यासारखा वास सुटला. आबा बांधावर उभे होते, खुशीत होते. पाणी पुरलं की, असं ते दोनतीनदा म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होते. गावानं त्यांना पुन्हा नारळ दिला होता. सगळं मिटलं, असं त्यांनी धरलं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबा, आता आईला सांगा."

काय सांगायचं ते त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, तिचा हात मंद न्हवता, असं सांगा. आई चिखलातूनच म्हणाली, सगुणा, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. आज सत्तर वर्षं होत आली, मला त्या पोरीचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पाणी मोजून मिळालं होतं, अर्ज हिशोबानं मंजूर झाला होता. आईच्या वाट्याचं तेवढं अजून बाकी होतं, आणि ते मागणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आबांनी रागानं पाहिलं, मी पाहत राहिले. मग त्यांनी उसाकडं तोंड केलं, फेटा काढून हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझा हात मंद न्हवता."

आईनं शेवटच्या सरीचं तोंड बुजवलं. खोरं टेकवून सरळ उभी राहिली. किती दिवसांनी तिला मी असं ताठ उभं पाहत होते.

"ते मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुमाला कळावं म्हणून पोरीला सातवीपातुर शिकवावं लागलं."